पंख्यातला कापूस

परवा तिवशाकडचे एक गृहस्थ मुलीचा लॅपटॉप घेऊन माझ्या अमरावतीतल्या दुरुस्तीच्या दुकानात आले. राजापेठेतल्या शिकवणीचे वर्ग नुकतेच सुटलेले, दारासमोर दुचाक्यांची झुंबड, कोणीतरी उगाच हॉर्न दाबून धरलेला. मी लॅपटॉपचं मागचं झाकण काढलं, पंखा मोकळा केला, तर पात्यांच्या मधोमध एक पांढरी, जराशी मळकी वात वळून बसली होती. धूळ नव्हती ती. धूळ चिमट्यात धरली की तिचा चुरा होतो. ही ओढली तशी लांबत गेली.

"कापसात ठेवता का हो हे?" मी विचारलं.

"मंग कुठं ठेवता?" गृहस्थ हसले. "औंदा घरभर तोच हाय. आमीच कापसावर झोपून राहिलो, तं याले कोनती गादी देता?"

दुकानातले दोघेतिघे हसले. मीही हसलो. पंखा साफ केला, झाकण लावलं आणि त्यांना म्हणालो, "कापसानं काही होत नाही. अधूनमधून हवा मारून घेत जा, बस." ते गेले. मी पुढचं काम हातात घेतलं आणि तसाच बसून राहिलो. इतकं साधं वाक्य. हेच वाक्य एका हिवाळ्यात माझ्या तोंडून निघालं नाही.

आमचं गाव मूर्तिजापूरच्या अलीकडे, डांबरी सडक सोडून आत. खारपाणपट्टा. विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही, आणि पिकाला दिलं तर जमिनीवर पांढरं फुटतं. म्हणून एकच पीक, तेही आभाळ देईल तसं. वाईट वर्षांची तेव्हा इतकी सवय झाली होती की गावात कोणी 'औंदा वाईट आहे' असं म्हणतही नसे. त्या वर्षी आधी बोंडअळीनं आपला वाटा नेला, आणि जो कापूस वेचून घरी आला त्याला व्यापारी भाव करीनात. मग साऱ्या गावानं केलं तेच माझ्या धाकट्या भावानं, गजूनं, केलं. कापूस घरात भरला आणि भाव वर यायची वाट पाहत बसला.

ज्यानं भरल्या कापसाचं घर पाहिलेलं नाही त्याला ते कसं सांगावं? माजघर जमिनीपासून माणसाच्या खांद्यापर्यंत पांढरं. छताच्या पंख्याची पाती काढून ठेवावी लागतात, नाहीतर माथ्याला लागतील. आमची माय दरवर्षी कापूस भरण्याआधी भिंतीवरचे देवांचे फोटो उतरवून स्वयंपाकघरात नेत असे, कारण ढिगावर चढून बसलं की पाय नेमके देवांच्या तोंडाशी येत. त्या ढिगावरच आम्ही निजायचो, जेवायचो, पाहुण्यांना बसवायचो. थंडीत तो आतून ऊब देतो. सरकीचा तेलकट, थोडा उन्हासारखा वास कपड्यांत, केसांत, भाकरीत. माघ उतरू लागला की अंगाला खाज सुटते, लहान मुलं रात्रभर खाजवतात, आणि तरी कोणी म्हणत नाही की काढा हा बाहेर. घरातला कापूस घरातून निघतो तो गाडीत भरून बाजारालाच. मध्ये कुठं हलवायचा नाही, ही आमच्याकडची रीत. मायच्या भाषेत, आलेल्या लक्ष्मीला अंगणात बसवत नाहीत.

आणि अशा घरात आवाज घुमत नाही. बोललेलं तोंडाजवळच पडतं. गेल्या काही वर्षांत मला वाटू लागलंय की आम्ही दोघं भाऊ एकमेकांशी इतकं कमी बोलतो, ते कदाचित त्या घरानं लावलेलं वळण असेल. पण ही पळवाट झाली. घराला कशाला नावं ठेवू?

गजू शेती करायचा आणि लग्नांच्या व्हिडिओचं मिक्सिंग करायचा. मूर्तिजापूरचा एक शूटिंगवाला त्याला कच्चं शूटिंग आणून द्यायचा, गजू ते कापून, जोडून, गाणी घालून पक्कं करायचा. कुणाकडे शिकला नव्हता. त्याच्या व्हिडिओत नवरदेव ताजमहालासमोर उभा राहायचा, नवरी गुलाबाच्या पाकळ्यांतून उमलायची, आणि वऱ्हाडातला एखादा काळाकुट्ट मामा स्वित्झर्लंडच्या बर्फात पान चघळताना दिसायचा. लोक पोट धरून हसत आणि तेच पुन्हा लावायला सांगत. पण मी पाहिलंय, पाठवणीच्या वेळी तो कसलीच करामत करत नसे. नवरीच्या बापाचा चेहरा पडद्यावर जरासा जास्त वेळ ठेवायचा, गाणं हळूच खाली आणायचा. इतकंच. आणि अख्खं घर गप्प व्हायचं. हे त्याला कुठून समजलं होतं कोण जाणे. मला ते कधी जमलं नसतं, आणि मी त्याला तसं कधी सांगितलंही नाही.

लॅपटॉप मीच मिळवून दिला होता. इंजिनिअरिंगच्या एका पोरानं शिक्षण संपल्यावर विकलेला, गेम खेळायचा जाडजूड लॅपटॉप, किबोर्डाखाली लाल दिवे. गावात नेला त्या दिवशी शेजारचे एक म्हातारे काठी टेकत पाहायला आले. वाकून त्या लाल उजेडाकडे बघत म्हणाले, "कावून रे गजू, याच्यात इस्तो घातला का?"

"नाई आबा, गार हाय. हात लावून पाहा."

"मी नाई लावत बाप्पा," म्हणत म्हातारे दोन पावलं मागे सरकले. इस्तो म्हणजे विस्तव. कापसाच्या घरात विस्तवाची चेष्टा कोणी करत नाही.

दोनेक लग्नसराया त्या मशीनवर निघाल्या. मग लोकांना नव्या गोष्टी हव्या झाल्या. महालाचे दरवाजे उघडावेत, सोन्याची अक्षरं फिरत फिरत यावीत, रथ यावा. गजूची मशीन एवढ्याशा सोन्याच्या अक्षरांसाठी दुपारभर घरघर करायची आणि शेवटी थिजून जायची. ग्राफिक्स कार्ड जुनं, त्याच्या ताकदीबाहेरचं काम. गजूनं मला फोन केला. "दादा, मोठं कार्ड बसते का याच्यात? ते बसलं ना, तं मी पाच गावचं काम उचलतो. मंग वावराच्या तोंडाकडं असं पाहत बसा लागणार नाई."

बसत होतं. त्या पिढीतल्या काही लॅपटॉपांत कार्ड मुख्य बोर्डाला डाग देऊन पक्कं केलेलं नसे. तळहाताएवढ्या वेगळ्या पट्टीवर असे, खाचेत सरकवून स्क्रूनं आवळलेलं. आता ही सोय उरली नाही. मी अकोल्याला इरफानभाईकडे गेलो. बंद पडलेल्या लॅपटॉपांचे चालू भाग काढून विकणं हा त्यांचा धंदा. त्यांनी कार्ड स्वतःच्या मशीनवर चालवून दाखवलं आणि ते पोराच्या जुन्या टिफिनच्या डब्यात, स्पंजाच्या तुकड्यांमध्ये बसवून दिलं. "भाई, डिब्बा वापस करना, बेगम पूछेगी," म्हणाले.

गजू सकाळच्या गाडीनं अमरावतीला आला. लॅपटॉप बारदान्याच्या पिशवीत, वरून मायनं दिलेली तुरीच्या ओल्या शेंगांची पुरचुंडी. मी मशीन उघडली. आणि इथून पुढचं मला सावकाश सांगितलं पाहिजे, कारण इथं मी नेहमी घाई करतो.

कार्डावर मधोमध मोठी चिप असते आणि तिच्या भोवती बारक्या चिपा. वरून तांब्याची पट्टी बसते, ती उष्णता ओढून पंख्याकडे नेते. मोठ्या चिपेवर उष्णता पट्टीला पोचवणाऱ्या पेस्टचा थेंब ठेवायचा, बारक्यांवर रबरासारखे मऊ पॅड चिकटवायचे. नव्या कार्डाला पातळ पॅड लागत होते. माझ्याकडे जाड होते. जाड लावले तर तांब्याची पट्टी उचललेली राहते, मोठ्या चिपेला नीट टेकत नाही, हे मला माहीत होतं. नवशिका नव्हतो. पातळ पॅड नागपुरावरून मागवावे लागले असते, आणि तोवर गजूला माझ्याकडे राहावं लागलं असतं.

तो राहिला असता तर बोलला असता. कपाशीचं, बोंडअळीचं, मायच्या गुडघ्याचं, आणि कदाचित एकदाचं हेही की दादा, तू दुकान थाटून बसला आणि मले या खाऱ्या मातीत ठेवून गेला. त्यानं हे कधीच म्हटलं नव्हतं. मीच ते त्याच्या तोंडात घालून ऐकत असे. राहू नको असं मी म्हणालो नाही. पण राहा असंही म्हणालो नाही. जाड पॅड लावले, स्क्रू जरा जास्त आवळले, मशीन चालू केली, पडदा उजळला, आणि म्हणालो, "झालं. संध्याकाळची गाडी मिळेल तुला."

"इतक्या लवकर?" त्याचा चेहरा असा फुलला होता! "तुह्या हाताले भल्ला गुण हाय दादा."

मशीनवर काम टाकून तासभर चालवून पाहायची असते. मी पाहिली नाही.

पहिल्याच लग्नाचं मिक्सिंग करताना ती मेली. गजू पुन्हा आला, तीच बारदान्याची पिशवी. त्याच्या समोरच मी उघडली. तांब्याची पट्टी उचलली आणि पाहिलं. पेस्टचा थेंब एका कडेला तेवढा दबला होता, बाकी मी ठेवला तसाच फुगीर. पट्टी नीट टेकलीच नव्हती. कार्ड स्वतःच्याच आगीत जळालं होतं. आणि पंख्यात थोडा कापूस होता. तेवढ्या कापसानं मशीन गरम होते, बंद पडते, गार झाली की पुन्हा चालते. मरत नाही.

गजूला पेस्टमधलं काय कळणार? तो माझ्या तोंडाकडे पाहत होता. मी चिमट्यानं पंख्यातला कापूस काढला आणि त्याच्या तळहातावर ठेवला.

"हे पाह्य. कापसानं खाल्लं तुझं कार्ड."

तो त्या वातीकडे बघत राहिला. "एवढ्याशानं?"

"एवढ्याशानंच. दुसरं बसवून देतो मी, त्याचं काही नाही. पण घरात तेवढा कापूस असला तर तो तेही खाईल."

हे असं सहज निघालं तोंडातून. मी खोटं बोलायचं ठरवलं नव्हतं. गावात माझं एकच नाव होतं, दादाला मशीनचं समजतं. बाकी काय होतं माझं तिथं? वाट्याची जमीन गजू वाहत होता, माय त्याच्याकडे आणि त्याच्या बायकोकडे, वर्षाकडे, होती, पोळ्याला बैलांना ओवाळायला मी पाहुण्यासारखा जात होतो. ते एवढंसं नाव सांभाळायला मी त्याच्या हातावर कापूस ठेवला.

काही दिवसांनी फोन आला. आवाज उत्साहानं भरलेला. "दादा, काढला बाहेर! गोठ्याच्या बाजूच्या टिनाखाली रचला सारा. माय बोलून राहिली, वर्षा तोंड फुगवून बसली, पन म्या आयकलंच नाई. आता घर पाह्य कसं साफ झालं. तू कार्ड टाक."

अजूनही वेळ होता. 'गजू, तो आत भर परत' एवढं म्हणायचं होतं. कारण विचारलं असतं तर काहीही सांगता आलं असतं, आणखी एक खोटंसुद्धा चाललं असतं. मी काय म्हणालो? मी म्हणालो, "ताडपत्री चांगली आहे ना?"

"मजबूत हाय. तू काळजी नको करू."

या वेळी मी पातळ पॅड मागवले, पेस्ट जपून ठेवली, स्क्रू तिरपे-तिरपे, हलक्या हातानं आवळले, आणि मशीन दिवसभर राबवून पाहिली. उत्तम चालली. घरी नेल्यावर त्यानं सोन्याची अक्षरं फिरवून मला फोनवर त्यांच्या येण्याचा आवाज ऐकवला. "पाह्य! कापूस काढला तं कशी पयून राहिली! तू म्हनला तसंच झालं." माझं खोटं त्याला असं डोळ्यांसमोर खरं होऊन दिसलं. मी हो म्हणालो.

होळीच्या आधी एका दुपारी राजापेठेवरचं आभाळ पिवळसर काळं झालं. वारा सुटला, दुकानांचे फलक वाजू लागले, आणि गारा आल्या. रस्त्यावर पोरं ओरडत गारा वेचू लागली. समोरच्या चहावाल्यानं एक गार उचलून माझ्या टेबलावर आणून ठेवली, "घ्या साहेब, फुकटचा बर्फ." मी गजूला फोन लावत होतो. लागत नव्हता.

दुसऱ्या दिवशी गावात पोचलो. टिनाचे पत्रे उडून कोणाच्या तरी वावरात जाऊन पडले होते. ताडपत्री बाभळीला अडकली होती. अंगणात, खाटांवर, ओट्यावर, कुंपणावर, मायच्या लुगड्यावर, जिथं जागा मिळेल तिथं ओला कापूस पसरलेला. ओला कापूस इतका लहान होतो! सारं घर भरलं होतं ज्यानं, तो चिंध्यांसारखा पडला होता. त्याला आंबूस वास येऊ लागला होता. माय एक एक पुंजका उचलून पिळत होती, कपडे पिळावे तसं. वर्षानं मला पाहून पदर डोक्यावर घेतला आणि गजूकडे न पाहता म्हणाली, "लावा आता तुमचा रथ अन् वाजंत्री. लावा. वरात तं दारात आली."

गजू माझ्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, "माही चूक हाय, दादा. माह्या शौकानं बुडवलं घर. माय नाई म्हनत होती."

मी वाकलो आणि कापूस पसरू लागलो. त्या वेळी मी तेवढंच केलं. चांगला भाऊ दिसत होतो. शेजारी म्हणाले, दादा शहरातून आला आणि चपला काढून कामाला लागला.

वाळेपर्यंत कापूस पिवळा पडला, काही सरक्यांना कोंब फुटले. अशा डागी मालाला आमच्याकडे कवडी म्हणतात, आणि व्यापारी तो हातात घेताना तोंडही तसंच करतो. भाव मात्र नंतर वर आले. गजूनं ती लग्नसराई कशीबशी उरकली, कबूल केलेली कामं दिली आणि लॅपटॉप माझ्याकडे आणून ठेवला. "घरात दिसला का माय रडते," म्हणाला. पुढच्या हंगामाला जमीन दुसऱ्याला ठोक्यानं, वर्षाची रक्कम ठरवून, दिली आणि बायकोला घेऊन अकोल्याला गेला, एका जिनिंगमध्ये कामाला. माय गावातच राहिली आणि गावातच गेली.

लोकांचं याहून पुष्कळ जास्त गेलं त्या वर्षांत, मला ठाऊक आहे. अमरावतीपासून अकोल्यापर्यंत बसच्या खिडकीतून नुसतं बघत गेलं तरी कळत होतं. मी माझ्या एका लहानशा गोष्टीला धरून बसलोय. पण बाकीच्यांचं आभाळानं नेलं, बाजारानं नेलं. आमचं माझ्या हातून गेलं. आणि कापसापेक्षा मोठं जे गेलं ते हे की गजूनं पुन्हा कधी कोणाचा चेहरा पडद्यावर जरा जास्त वेळ ठेवला नाही. घरात काहीही ठरवायची वेळ आली, खोली बदलायची, गॅस कुठं ठेवायचा, तरी तो वर्षाला म्हणतो, "मले नको विचारू. माहा हात खराब हाय." हसत म्हणतो. मी ते कितीदा ऐकलं आणि चहा पीत राहिलो.

तिवशाच्या गृहस्थांना ते वाक्य सांगितल्यावर मला दुकानात बसवेना. दुसऱ्या दिवशी अकोल्याची गाडी धरली. गजू कामावरून आला होता, केसांत, भुवयांत कापसाचे तंतू. हातपाय धुऊन बसला. वर्षा आत भाकरी थापत होती. मी पाणीही न घेता सांगायला लागलो. जाड पॅड, घाई, पेस्टचा थेंब, त्याच्या हातावर ठेवलेला कापूस. पहिल्यापासून शेवटपर्यंत. "कापसानं काहीच झालं नव्हतं, गजू. कार्ड मी जाळलं. तू कापूस काढला तो माझ्या खोट्यामुळं. तुझा हात खराब नाही. माझा आहे."

तो टॉवेलनं तोंड पुसायचा थांबला.  मग त्याचा चेहरा हळूहळू मऊ झाला.

"तू कावून हे सारं स्वतःवर घेऊन राहिला दादा?"

"घेत नाही. खरं आहे ते."

"कापूस बाहेर काढला तवाच तं चालली ना मशीन? म्या माह्या डोयानं पाह्यलं."

"तेव्हा मी पॅड बदलले होते. पातळ लावले."

"हो, हो. पॅड." त्यानं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि आत तोंड करून हाक मारली. "वर्षे, आयकलं का? दादा म्हनून राहिला का चूक त्याची होती म्हने. एवढ्या वर्षांनी अमरावतीहून आला हे सांगाले. माह्या जिवाले बरं वाटावं म्हनून."

वर्षा दारात आली. हाताला पीठ लागलेलं. एके काळी तिनं अंगणात मारलेला टोमणा तिच्या चेहऱ्यावर कुठंच नव्हता. डोळे भरले होते. "भाऊजी," ती म्हणाली, "असा भाऊ कोनाले भेटते?"

मी आणखी एकदा म्हणून पाहिलं. "वर्षा, खरंच सांगतो—"

"राहू द्या आता. बसा, जेवून घ्या."

गजूनं माझ्यापुढे ताट सरकवलं, भाकरी मोडून माझ्या बाजूला ठेवली, वांग्याच्या भाजीवर कच्चं तेल घातलं. "खाय ना दादा. गार होते."

मी जेवलो. वर्षानं पुन्हा भाजी वाढली तेव्हा नको म्हणालो नाही.